पैसा सातबाऱ्यावरच्या नावाला येतो



मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक चालू होती. बचत गोळा झाली, कर्जाचे हप्ते वहीत चढले, चहा आला. तेवढ्यात कुणीतरी बातमी आणली, शेतकरी सन्मानाचे दोन हजार जमा झाले म्हणून. एक काकू पटकन बोलल्या, "निंदाले मी, वेचाले मी, अन् पैसा मातर यायच्या खात्यात. मी का वावरात हवा खाले जातो?" सगळ्या हसल्या. एक जण मात्र हसली नाही. तिचा नवरा जाऊन दोन वर्षं झाली. वारसाची नोंद अजून लागली नाही, म्हणून घरचा हप्ता बंद पडला. ती म्हणाली, "पेरणी मीच करतो ना ताई. पण कागदावर त्या वावराचा कास्तकार अजून माह्या नवराच हाय."

त्या दिवशी मी तिला एवढंच म्हटलं की आपण सोबत जाऊ, कागद पाहू. घरी आल्यावर मात्र तिचं बोलणं डोक्यातून जाईना. आपल्या वर्धा जिल्ह्यात कास्तकाराच्या घरी सरकारचा पैसा कधीपासून येतो? तो कोणाच्या हाती पडतो? आणि वावरात राबणाऱ्या बाईच्या हाती का पडत नाही? दीडशे वर्षांचा हा हिशेब आज तुमच्यासमोर मांडते. योजनांची नावं बदलली, सरकारं बदलली, पण एक गोष्ट तशीच राहिली. सरकारचा पैसा घाम पाहून येत नाही, नाव पाहून येतो.

तगाईचे दिवस

आपला वर्धा जिल्हा १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. त्या वेळी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून हिंदुस्थानच्या कापसाला एकदम भाव चढला. हिंगणघाटचा कापूस तर आधीपासूनच नावाजलेला. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोचली आणि आपल्याकडच्या गाठी मुंबईला जाऊ लागल्या. पऱ्हाटी वाढली, तसं सावकाराचं कर्जही वाढलं.

तेव्हा आपल्याकडे मालगुजारी होती. इंग्रजांनी जमिनीचा बंदोबस्त केला तेव्हा मालगुजाराला गावाचा मालक मानलं, आणि वावर वाहणारी बहुतेक माणसं त्याची कुळं झाली. मग सरकारने दोन कायदे केले. १८८३ चा कायदा विहीर, बांध यांसारख्या जमीन सुधारणेच्या कर्जाचा. १८८४ चा कायदा बियाणं आणि बैलांसाठीच्या कर्जाचा. या कर्जाला तकावी म्हणत. आपल्याकडची जुनी माणसं तगाई म्हणतात. ही तगाई म्हणजे दान नव्हतं. ती व्याजासह फेडावी लागे, आणि थकली तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी सक्तीने वसूल होई. ती मिळायला तारण लागे, नाहीतर जामीन लागे. ज्याच्या नावे जमीन त्यालाच तारण देता येई. घरात धान्य संपलं की सावकाराकडे जाई तो बाईचा दागिना. सरकारच्या तगाईच्या कागदावर मात्र बाईचं नाव सहसा नसे.

नसे, कारण कायद्यानेच तिच्याकडे फारसं काही ठेवलं नव्हतं. १९३७ साली हिंदू विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत हक्क मिळाला, पण तो फक्त हयातीपुरता. ती त्यावर जगू शकत होती, पण मनाप्रमाणे विकू किंवा कोणाला देऊ शकत नव्हती. पूर्ण मालकी मिळायला १९५६ साल उजाडावं लागलं.

त्याआधी एक मोठी गोष्ट घडली. ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली. आपण तेव्हा मध्य प्रदेशात होतो. मालगुजाराची कुळं असलेली माणसं हळूहळू वावराची मालक झाली. बायांनो, तो खरा मोका होता. सगळी नावं नव्याने लागत होती. पण मालक म्हणून नाव लागलं ते घरच्या कर्त्या पुरुषाचं. वावर दोघांनी वाहिलं होतं, मालक एकच झाला.

अमेरिकेतही हेच झालं

कापसाच्या भावासोबत अमेरिकेचं नाव निघालंच आहे, तर तिथलीही एक गोष्ट ऐका. हे आपल्याच नशिबी आलं, असं कोणी समजू नये.

१९३३ साली अमेरिकेत महामंदी होती. कापसाला भाव उरला नव्हता. तिथल्या रूझवेल्ट सरकारने ठरवलं की कास्तकारांनी पीक कमी घ्यावं, सरकार त्याचे पैसे देईल. त्या वर्षी सुमारे एक कोटी एकरांवरचा उभा कापूस नांगरून टाकला गेला. त्या बदल्यात सरकारचे चेक आले, पण आले जमीनमालकाच्या नावे. शेतात राबणारी होती बटईवाली कुटुंबं, काळी आणि गोरी दोन्ही. त्यांचा वाटा मालकाने त्यांना द्यावा अशी अपेक्षा होती. कित्येक मालकांनी तो दिलाच नाही. उलट पीक कमी झालं म्हणून बटईवाल्यांना घराबाहेर काढलं. शेवटी जुलै १९३४ मध्ये अर्कान्सा राज्यातल्या टायरोन्झा गावी काळ्या आणि गोऱ्या कुळांनी मिळून एक संघटना उभारली. बायाही तिच्यात होत्या. आमचा पैसा मालकाच्या हातून नको, थेट आमच्याकडे द्या, ही त्यांची एक मुख्य मागणी होती.

तो देश वेगळा, काळ वेगळा. पण पीक तेच, कापूस. आणि आपल्या बैठकीतल्या काकू जे बोलल्या तेच तिथली माणसं नव्वद वर्षांपूर्वी बोलत होती.

सातबारा आणि चुकारा

आता परत आपल्या जिल्ह्यात येऊ. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. १९६६ साली महाराष्ट्र जमीन महसूल संहिता झाली आणि सातबारा आपल्या घरात शिरला. गाव नमुना सात म्हणजे वावर कोणाचं, आणि गाव नमुना बारा म्हणजे त्यात पीक कोणतं. दोन्ही मिळून सातबारा. एका खातेदाराची गावातली सगळी जमीन ज्यावर दिसते तो आठ-अ. तलाठ्याला आपण आजही पटवारीच म्हणतो. सरकारी नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, पण वही तीच आहे.

१९७२ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. कापूस व्यापाऱ्याला विकायचा नाही, सरकारच्या केंद्रावर न्यायचा. सरकार आधीच हमीभाव सांगणार. तुमच्यातल्या साठीच्या बायांना त्या बंड्यांच्या रांगा आठवत असतील. घरचा माणूस केंद्रावर दोन-दोन दिवस मुक्कामी असे आणि डबा घेऊन पोरगं जाई. कापूस मोजला की चुकारा निघे. कधी एकदम, कधी तुकड्यातुकड्याने. सोसायटीचं कर्ज असेल तर ते चुकाऱ्यातून आधीच कापून घेतलं जाई.

आता पहा. वेचणीची सुरुवात बाईच्या हातून होते. सीतादही करायची, पहिली बोंडं वेचायची, ते बाईनेच. सगळा हंगाम कंबर वाकवून वेचणारी बाई. पण केंद्रावरची पावती सातबाऱ्यावरच्या नावाची, म्हणजे चुकाराही त्याच नावाचा. हाती किती आले, कर्जात किती कापले, हे कित्येक घरांत बाईला कळतही नव्हतं.

त्याच काळात दुसरी एक योजना आली, तिचं वेगळेपण लक्षात ठेवा. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमी योजना वाढली, आणि १९७९ च्या २६ जानेवारीपासून तिचा कायदा लागू झाला. तिथे हजेरीपट होता. माती उचलणाऱ्या बाईचं नाव त्या हजेरीपटावर तिचं स्वतःचं होतं. म्हणून मजुरीही तिच्या हातात पडत होती. मजुरी थोडी होती, काम कष्टाचं होतं. पण सरकार तेच होतं आणि बाईही तीच होती. एका कागदावर तिचं नाव होतं, दुसऱ्यावर नव्हतं. त्याने केवढा फरक पडला!

आपल्या बचत गटांचा जन्मही याच अडचणीतून झाला. बँक विचारायची, तारण काय? सातबारा नसलेली बाई काय सांगणार? १९९२ साली नाबार्डने बचत गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग पाचशे गटांपासून सुरू केला. गटाची वही, गटाची सही, दहा जणींची हमी. सातबारा नसलेल्या बाईला बँकेत खुर्ची मिळाली ती या वहीमुळे. ती वही आपण अजून जपतो. पण वहीने सातबाऱ्याची जागा भरून निघत नाही.

लक्ष्मी मुक्ती

बाईचं नाव वावरावर लागावं, हे कोणीच म्हटलं नाही असं नाही. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेचं महिलांचं मोठं अधिवेशन झालं. गावोगावच्या शेतकरी बाया तिथे गेल्या होत्या. आपल्या वर्ध्याच्या सरोज काशीकर या संघटनेच्या महिला आघाडीच्या पुढाऱ्यांपैकी एक. पुढे १९९० च्या सुमारास शरद जोशी यांनी लक्ष्मी मुक्तीचा कार्यक्रम मांडला. त्यांचं सांगणं साधं होतं. कास्तकार कर्जमुक्ती मागतो, पण त्याच्या घरची लक्ष्मी त्याच्याहून जास्त राबते, तिचं देणं त्याने आधी फेडावं. वावराचा एक तुकडा तिच्या नावे करावा. ज्या गावात शंभर घरं असं करतील, ते लक्ष्मी मुक्तीचं गाव. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावाचं नाव यात गाजलं.

१९९२ साली सरकारनेही लक्ष्मी मुक्तीचं परिपत्रक काढलं. नवऱ्याने अर्ज केला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावता येतं. १९९४ साली महाराष्ट्राने पहिलं महिला धोरण आणलं आणि त्याच वर्षी कायदा बदलून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. देशात तो हक्क २००५ साली आला. म्हणजे महाराष्ट्र अकरा वर्षं पुढे होता.

मग नावं का लागली नाहीत? कारण लक्ष्मी मुक्तीचं परिपत्रक नवऱ्याच्या अर्जावर चालतं, आणि अर्ज करा असं घरी म्हणायची हिंमत आपल्यात नव्हती. मुलीच्या हक्काचं काय होतं, तेही आपण पाहतो. बहीण दिवाळीला माहेरी येते आणि हक्कसोडीवर सही करून जाते. भाऊ तुटू नये म्हणून वावर सोडते. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शंभर वहितीधारकांत जेमतेम चौदा बाया होत्या.

एक लाखाची मदत आणि पॅकेज

आता मी ज्या वर्षांबद्दल बोलणार आहे, त्यांची आठवण तुमच्यापैकी कित्येकींना जवळून आहे. म्हणून हळू बोलते.

२००५-०६ च्या आसपास आपल्या भागातल्या शेतकरी आत्महत्यांकडे सगळ्या देशाचं लक्ष गेलं. राज्य सरकारने आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाख रुपये द्यायचं ठरवलं. तीस हजार रोख आणि सत्तर हजार ठेव म्हणून. पण ती मदत मिळायला प्रकरण पात्र ठरावं लागे. शेती कोणाच्या नावे, कर्ज कोणाच्या नावे, कर्ज सावकाराचं की बँकेचं, वसुलीचा तगादा होता का. सुतक फिटायच्या आत बाईला हे कागद गोळा करावे लागले. कित्येक प्रकरणं अपात्र ठरली. आणि एक गोष्ट आपण बोलत नाही ती सांगते. वावरात राबणाऱ्या बाईनेच जीव दिला तर ती शेतकरी म्हणून मोजलीच जात नसे. वावर तिच्या नावे नाही, म्हणून कागदावर ती गृहिणी. जिवंतपणी नाव नव्हतं, मेल्यावर तरी कुठून येणार?

२००६ च्या जूनअखेर पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग विदर्भात आले. आपल्या जिल्ह्यातल्या वायफड गावीही आले होते. १ जुलैला त्यांनी सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशिम, यवतमाळ आणि आपला वर्धा. त्यातला सगळ्यात मोठा हिस्सा सिंचनाच्या कामांचा होता. ७१२ कोटी थकीत कर्जावरच्या व्याजाच्या माफीचे होते. बियाणं, फळबाग, दुधाची जनावरं यांसाठीही रकमा होत्या. व्याजमाफी मिळाली ती ज्याच्या नावे बँकेचं कर्ज होतं त्याला. बँकेचं कर्ज होतं ज्याच्या नावे सातबारा होता त्याला. दुधाच्या महागड्या संकरित गायी अनुदानावर आल्या, त्यांचं शेणपाणी आणि वैरण मात्र बाईच्या वाट्याला आली. ज्या जिल्ह्याची स्वतःची गवळाऊ गाय कोरड्या चाऱ्यावर तग धरते, तिथे ढेप खाणारी गाय सांभाळणं किती जड गेलं, हे ज्यांनी सांभाळली त्यांना विचारा.

पुढे २९ फेब्रुवारी २००८ ला केंद्राची कर्जमाफी जाहीर झाली. दोन हेक्टरपर्यंत, म्हणजे पाच एकरांपर्यंत पूर्ण माफी. त्याहून जास्त जमीन असेल तर बाकीची रक्कम भरल्यावर सूट. आपल्याकडे पाण्याशिवायची कोरडवाहू वावरं. सात-आठ एकर असून घर चालत नाही, अशी किती घरं आहेत! ती सगळी पाच एकरांच्या रेघेबाहेर राहिली. आता विचार करा. त्याच सात एकरांतले तीन एकर बायकोच्या नावे असते आणि पीककर्जही दोघांचं वेगळं असतं, तर दोघंही रेघेच्या आत आले असते. सरकारने रेघ जमिनीवर मारली होती, आणि सगळी जमीन एकाच नावावर होती.

या सगळ्या वर्षांचा परिणाम कुठे दिसला? २०१८ साली महिला किसान अधिकार मंचाने विदर्भ आणि मराठवाड्यातल्या अकरा जिल्ह्यांत, शेतकरी आत्महत्येत नवरा गमावलेल्या ५०५ बायांची पाहणी केली. शंभरातल्या चाळीस बायांना त्या वाहत असलेल्या वावराचा हक्क अजून मिळाला नव्हता. घर नावावर झालेल्या शंभरात पस्तीस. आणि आपल्याला पेन्शन मिळू शकते, हे तेहतीस जणींना माहीतही नव्हतं.

बायकोचं नाव कधी विचारलं?

जून २०१७ मध्ये राज्याने छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आणली, दीड लाखापर्यंतची कर्जमाफी. तुम्हाला आठवत असेल, त्या वेळी नवराबायको दोघांनी सोबत केंद्रावर जाऊन अर्ज भरला होता. दोघांचं आधार, दोघांचा अंगठा. कर्जमाफीच्या अर्जावर बाईचं नाव आलं म्हणून कितीजणींना बरं वाटलं होतं. पण नाव कशासाठी घेतलं होतं? नवरा, बायको आणि लहान मुलं मिळून एक कुटुंब, आणि एका कुटुंबाला एकच दीड लाख. म्हणजे बाईचं नाव मोजलं ते मर्यादा घालायला. डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती जाहीर झाली, दोन लाखांपर्यंत. तिच्यात कुटुंबाची अट नव्हती, प्रत्येक शेतकरी वेगळा धरला. ज्या बाईच्या नावे पीककर्ज होतं, तिला ते मिळालं. ज्यांच्या नावे नव्हतं, त्यांच्यासाठी प्रश्नच नव्हता.

आणि मग आला आपल्या बैठकीतला हप्ता. पीएम किसान योजना २४ फेब्रुवारी २०१९ ला सुरू झाली. वर्षाला सहा हजार, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते, थेट खात्यात. आधी दोन हेक्टरांची अट होती, ती त्याच वर्षी उठली. २०२३ पासून राज्याने नमो शेतकरी योजनेतून आणखी सहा हजारांची भर घातली. आपल्या शेजारच्या यवतमाळला २८ फेब्रुवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते सोळावा हप्ता सुटला, तो सोहळा कित्येकींनी पाहिला असेल. मधल्या हाताशिवाय पैसा येतो, हे खरंच मोठं काम झालं. पण खातं कोणाचं? ज्याचं नाव जमिनीवर, त्याचं. २ ऑगस्ट २०२५ ला विसावा हप्ता गेला तो देशातल्या सुमारे ९ कोटी ७० लाख शेतकऱ्यांना. त्यात बाया सुमारे २ कोटी ४० लाख. चारातली एक. वावरात चारातली एकच असते का?

आता आपण काय करायचं?

इतिहास सांगून मी थांबले तर काकू मला रागावतील. म्हणून पुढच्या बैठकीचं काम सांगते.

प्रत्येकीने घरचा सातबारा आणि आठ-अ घेऊन या. गटात मिळून वाचू. पहिलं पाहायचं, नाव कोणाचं आहे. ते माणूस जिवंत आहे का, हेही पाहायचं. कितीतरी सातबारे मेलेल्या माणसांच्या नावे चालू आहेत. म्हणून तर एप्रिल २०२५ पासून सरकारने राज्यभर जिवंत सातबारा मोहीम काढली. दुसरं पाहायचं, आपलं नाव असलं तर कोणत्या रकान्यात आहे. खातेदारांमध्ये आहे, की बाजूला इतर हक्कांत टाकलं आहे? की मोठ्या दिराचं नाव ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून लागलं आणि बाकीचे त्याच्या मागे दडले?

नवरा वारला असेल तर वारस नोंदीचा अर्ज करायचा. मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती सोबत लागते. अर्जाची पोच घ्यायचीच. पोच नसली की अर्ज हरवतो. फेरफार टाकला की नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, त्यानंतर नोंद मंजूर होते. आता ऑनलाइन ई-हक्कातूनही अर्ज करता येतो. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पीएम किसानने १ फेब्रुवारी २०१९ च्या आधीची जमीन धरली, पण खातेदाराच्या मृत्यूने वारशाने आलेल्या जमिनीला त्यातून सूट दिली. म्हणून विधवेने "आता उशीर झाला" म्हणून बसू नये.

नवरा हयात असेल तर लक्ष्मी मुक्तीचा अर्ज. यावर बाया मला दोन गोष्टी विचारतात. पहिली, दोघांची नावं लागली तर हप्ता दोनदा येईल का? नाही. कुटुंबाला एकच हप्ता. दुसरी, नाव लागलं तर लाडकी बहीणचे पैसे कमी होतील का? नुसतं सातबाऱ्यावर नाव लागल्याने काही कमी होत नाही. सन्मानाचे महिन्याकाठी हजार ज्या बाईच्या स्वतःच्या नावे येतात, तिला लाडकी बहीणचे पाचशे मिळतात, म्हणजे मिळून पंधराशेच. तेव्हा हप्त्यासाठी नाव लावा असं मी म्हणतच नाही. हप्ता हा नावाचा सगळ्यात लहान फायदा आहे. पीककर्ज, पीकविमा, नुकसानभरपाई, आता सगळीकडे विचारला जाणारा शेतकरी ओळख क्रमांक, हे सगळं नावाला मिळतं. शेतीच्या अवजारांवर बाईला पन्नास टक्के अनुदान आहे, मोठ्या खातेदार पुरुषाला चाळीस. पण ते घ्यायला बाई खातेदार तर हवी! आणि उद्या घरात काही कमीजास्त झालं, तर "तुझं इथं काय हाय" असं तिला कोणी म्हणू शकणार नाही.

शेवटी ज्यांच्याकडे सातबाराच नाही, त्यांच्याबद्दल. आपल्या किती गटांनी ठेक्याने वावर केलं आहे! सोयाबीन आपण पेरतो आणि हप्ता मालकाच्या खात्यात जातो. ओडिशा सरकारने २०१८-१९ मध्ये कालिया योजना आणली, तिच्यात भूमिहीन शेतमजूर घरांनाही शेळ्या, कोंबड्या, अळिंबी अशा धंद्यासाठी साडेबारा हजार द्यायचं ठरवलं. म्हणजे सरकारने ठरवलं तर सातबाऱ्यापलीकडेही पाहता येतं. ही मागणी आपल्या ग्रामसंघाच्या ठरावात यायला हवी, ग्रामसभेत मांडायला हवी. टायरोन्झाच्या कुळांनी मांडली होती तशीच.

आमच्या त्या मैत्रिणीसोबत मी परवा गेले होते. अर्ज दिला. पोच घ्यायला दोन तास बसावं लागलं, पण घेतली. ती पोच तिने गटाच्या वहीत चिकटवली आणि म्हणाली, "आता कागद कुठी हरपत नाही." नोंद अजून व्हायची आहे. झाली की याच रेडिओवर सांगेन.

येते मग. पुढच्या बैठकीत सातबारा आणायला विसरू नका.

रामराम.